दुपारचे दोन तास



तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारी माणसे उजाडायच्या आत घर सोडतात. कंपनीची बस चुकली तर खाडा पडतो, म्हणून चहासुद्धा उभ्याउभ्याच होतो. मग पोरांची शाळा. साडेनऊ-दहापर्यंत वस्ती मोकळी होते आणि नवलाख उंबरे, आंबी, मंगरूळ, बधलवाडी अशा गावांतल्या कितीतरी घरांत दोनच माणसे उरतात. एक खाटेवरचे किंवा पडवीतले म्हातारे माणूस आणि दुसरी, त्याच्या उठण्याबसण्याशी बांधली गेलेली बाई. ती कधी सून असते, कधी माहेरी परतलेली लेक, आणि बऱ्याचदा स्वतःच पासष्टी ओलांडलेली बायको. आजचे व्याख्यान या दोघांविषयी आहे. त्यातही दुसरीविषयी थोडे जास्त, कारण तिच्याविषयी कुणी बोलत नाही.

म्हातारपणाचे दुःख मराठी माणसाने मोठ्या ताकदीने पाहिले ते रंगभूमीवर. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात आले आणि डॉ. श्रीराम लागूंच्या अप्पासाहेब बेलवलकरांनी प्रेक्षकांना हलवून सोडले. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी दूर गेलेल्या मुलांची वाट पाहत राहिले. दोन्ही नाटके थोरच आहेत. पण तेव्हापासून आपली चर्चा एकाच जागी अडकून बसली आहे: मुले आईबापांना बघतात की नाही? मावळातल्या बहुतेक घरांत याचे उत्तर ‘बघतात’ असेच मिळेल. न बघणाऱ्याला गाव नावे ठेवते, त्याच्यासाठी कायदाही आहे. बघणाऱ्याचे मात्र गाव कौतुक करते आणि निघून जाते. वर्षानुवर्षे बघता बघता त्या माणसाच्या मनाचे आणि शरीराचे काय होते, हा प्रश्न कौतुकाखाली दबून राहतो.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका त्यांनी निवडल्या आणि त्याच वयाच्या, तशीच परिस्थिती असलेल्या, पण शुश्रूषेचा भार नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. भार नसलेल्या बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना जवळजवळ ४९ दिवस लागले. मनावरचा ताण कातडीपर्यंत पोहोचला होता. पुढे १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांना त्या सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाले. ‘सासऱ्यांचं करता करता तीच खंगली’ असे आपल्या बायका विहिरीवर, नळावर पूर्वापार बोलत आल्या आहेत. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

आता आपल्याकडचे आकडे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे ९.९ टक्के होती, म्हणजे शंभरांत दहा. देशात हेच प्रमाण ८.६ होते. तरुण देशातले हे जरा म्हातारे राज्य. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यातूनच पुढे स्मृतिभ्रंशाचा वेगळा अभ्यास झाला, तेव्हा साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. स्मृतिभ्रंश हे शहरातल्या फ्लॅटमधले दुखणे, ही समजूत या अभ्यासाने पुसून टाकली. खेड्यात तो दिसत नाही, कारण तिथे त्याला आजार म्हणतच नाहीत. साठी बुद्धी नाठी म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

अर्थात, घरात शुश्रूषा लागते ती फक्त स्मृतिभ्रंशापायी नव्हे. अर्धांगाचा झटका आहे, कंपवात आहे, मधुमेहाने गेलेली नजर आहे. मावळच्या पावसात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे आहे. त्यातून उठलेले माणूस पुन्हा पहिल्यासारखे चालेलच असे नाही. पण मनाची सर्वांत मोठी परीक्षा पाहणारा आजार विसरण्याचाच, आणि या गावांत त्याला एक खास धार आहे.

स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी जाते आणि जुने शेवटपर्यंत तग धरते. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या खाचरात किती पोती झाली ते बिनचूक आठवते. ज्या ‘इंद्रायणी’ तांदळाने मावळचे नाव घरोघर नेले, ते वाण १९८७ साली वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून आले. आज ऐंशीत असलेला इथला शेतकरी तेव्हा भर चाळिशीत होता. त्याच्या डोक्यात बांध, ओढे, रोपांची मूठ, आवणाचा चिखल सगळे जागच्या जागी आहे. प्रत्यक्षात मात्र बांधाच्या जागी कंपनीची भिंत आहे, फाटकावर सुरक्षारक्षक आहे आणि पायवाटेवरून कंटेनर धावतात. शहरातले विसरलेले माणूस निदान ओळखीच्या इमारतींत हरवते. इथले माणूस स्वतःच्या शेतावर निघते आणि शेतच सापडत नाही.

तिन्हीसांजेला हे वाढते. दिवस मावळला की अशा माणसाची चुळबुळ सुरू होते, डॉक्टरांना ती ठाऊक असते. “मला घरी जायचंय,” म्हणून म्हातारे उठते. सून सांगते, “अहो मामा, हेच तर आपलं घर.” ते ऐकत नाहीत. ती पुन्हा सांगते, मग आवाज चढतो, दार अडवले जाते, हात झटकला जातो. रात्री एकला तेच, पहाटे तीनला तेच. सकाळी नवऱ्याची पाळी, डबा. या ठिकाणी जाणकार एक अगदी साधी गोष्ट शिकवतात: वाद घालू नका. खरे-खोटे करू नका. “जाऊ की मामा, आधी चहा घेऊ,” म्हणा. दिवा अंधार पडायच्या आधी लावा. हातात सूप द्या, तांदूळ निवडायला द्या. निवडलेले पुन्हा मिसळून दिले तरी चालतील. दहा मिनिटांत ‘घरी जायचे’ विरून जाते, कारण त्यांना हवे होते ते ठिकाण नव्हते, तो ठाव होता. हे ज्या घराला कुणी सांगितले ते घर आणि ज्याला सांगितले नाही ते घर, यांत रात्रभराच्या झोपेचा फरक पडतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री असेच हरवतात आणि हत्तीमागे चालत जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना ठेवून घेते, लहान मुलासारखे भरवते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पाहणाऱ्याच्या लक्षात शास्त्री राहतात, चन्नम्मा राहते. पण इरावती हर्षे यांनी केलेली मुलगी, इरा, पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे: वडिलांवर जीव, त्यांच्यावरच संताप, आणि संतापाबद्दल स्वतःवर राग. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी हा चित्रपट ठिकठिकाणी दाखवून त्यावर लोकांना बोलते केले. मावळात प्रत्येक मोठ्या गावाच्या सभागृहात तो एकदा दाखवावा आणि नंतर खुर्च्या गोल मांडून बायकांना बोलू द्यावे.

त्या जे बोलतील ते ऐकायला धीर लागेल. दीर्घ शुश्रूषा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या मनात कधीतरी येऊन जाते, ‘आता देवानं न्यावं यांना.’ पुढच्याच क्षणी ती स्वतःला चांडाळ ठरवते. हे ती नवऱ्याला सांगू शकत नाही, नणंदेला तर नाहीच. अमेरिकन कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी या दुःखाचा अभ्यास केला: माणूस समोर बसलेले आहे आणि तरी ते गेलेले आहे. याचा दहावा नाही, तेरावा नाही, कुणी भेटायला येत नाही, रडायला मोकळीक नाही. असा विचार मनात येणे हे पाप नव्हे, थकव्याचे लक्षण आहे. तो विचार आला म्हणून सेवेची किंमत कणभरही कमी होत नाही. हे एखाद्या जाणत्या माणसाने तिला तोंडावर सांगायला हवे. नुसत्या त्या सांगण्यानेही पुष्कळ हलके वाटते.

पण सांगणार कोण? पुणे जिल्ह्यात मनाच्या दुखण्याचे नाव काढले की लोकांना पहिले येरवड्याचे मनोरुग्णालय आठवते. त्या एका नावाच्या धाकाने कित्येक माणसे जिल्हा रुग्णालयाच्या औंधच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंतही पोहोचत नाहीत. तळेगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. तिथे वृद्धाला न्यायचे तर एक माणूस सुट्टी घेणार, गाडी करावी लागणार, आणि आंदर मावळातून यायचे तर अख्खा दिवस जाणार. प्रत्येक घरी मनोविकारतज्ज्ञ येणे शक्य नाही, येण्याची गरजही नाही. शेजारच्या गोव्याने हे दाखवून दिले आहे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अमित डायस यांच्या पुढाकाराने तिथे स्मृतिभ्रंश असलेली ८१ कुटुंबे निवडली गेली. त्यांतल्या ४१ कुटुंबांकडे गावातलीच, डॉक्टर वा परिचारिका नसलेली, पण खास शिकवून तयार केलेली माणसे जाऊ लागली. सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा. ती काय करत? आजार म्हणजे काय ते समजावत. रात्री उठणे, संशय घेणे, अंघोळीला नकार देणे यांच्याशी कसे वागायचे ते दाखवत. सरकारी योजनेचा अर्ज भरून देत, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत, अशा दुसऱ्या घरांशी गाठ घालून देत. उरलेल्या ४० कुटुंबांना ही मदत नंतर मिळाली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत मिळालेल्या घरांत शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले होते, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. आजार बरा झाला नव्हता, तो होतही नाही. बदलले होते ते घर.

डायस आणि मंडळींनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. साठीपुढच्या, उदासीची सुरुवातीची लक्षणे असलेल्या १८१ जणांना त्यांनी घेतले. निम्म्यांना साध्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी भेटून शिकवले: समोरची अडचण छोट्या तुकड्यांत कशी सोडवायची, झोपेचे वेळापत्रक कसे बसवायचे, मधुमेहासारख्या दुखण्यात स्वतःची काळजी कशी घ्यायची. वर्षभरात या गटातल्या सुमारे साडेचार टक्के लोकांना नैराश्याचा पुरता झटका आला. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण साडेचौदा टक्क्यांच्या घरात होते. गोवा आणि मावळ यांत फरक आहे, मान्य. पण इथे आशा सेविका आहेत, बचत गट आहेत, बारावी होऊन घरी बसलेल्या हुशार मुली आहेत. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा हेही त्यांच्याच गळ्यात, तेही फुकट, घालणे अन्यायाचे होईल. या कामाला वेगळे माणूस आणि वेगळे मानधन हवे.

यात सर्वांत महत्त्वाचा धडा असा की म्हाताऱ्याच्या मनाची आणि सांभाळणाऱ्याच्या मनाची वाट एकच आहे. सून रात्रभर जागी असेल तर सकाळी तिचा हात जरा जोरातच पडणार, आवाज कडकच निघणार. ते म्हाताऱ्याला कळते. शब्द विसरलेल्या माणसालाही स्वर कळतो. ते बिथरते, मग ही अधिक थकते. हा फेरा तोडायचा तर मध्ये कुणीतरी तिसरे माणूस यावे लागते, दोन तास का होईना.

भातलावणीच्या दिवसांत एकट्याने वावर उरकत नाही. तेव्हा मावळात इर्जिक करायची रीत होती. आज याच्या वावरात सगळे, उद्या त्याच्या. मजुरी नाही, जेवण मात्र पोटभर. शुश्रूषेची इर्जिक का करू नये? आळीतल्या चार घरांनी मिळून ठरवावे, मंगळवारी दुपारी दोन ते चार अमुक घरी अमकी बसेल. त्या दोन तासांत घरच्या बाईने बाजाराला जावे, बँकेत जावे, स्वतःचे दुखणे डॉक्टरला दाखवावे, नाहीतर शेजारच्या घरी जाऊन नुसते झोपावे. शहरांत अशा विसाव्यासाठी दिवसभराची केंद्रे असतात, त्यांना पैसे मोजावे लागतात. गावात ती सोय माणसांनीच उभी करायची आहे. आणि पाळी लावताना पुरुषांची नावेही लिहावीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे गेलेली दिसली, पुरुषाची ९७. पाळीहून सुटलेला किंवा निवृत्त झालेला पुरुष म्हाताऱ्या चुलत्याजवळ दोन तास बसू शकतो. त्याला दाढी करता येते, कुशीवर वळवता येते. त्याला कधी सांगितलेलेच नसते, एवढेच.

दुपारचे दोन ते चार ही वेळ काही उगाच घेतलेली नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. शिवजयंतीला गावात शिवचरित्राचे वाचन चालले होते, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी, आम्हालाही वाचता आले असते तर, अशी खंत बोलून दाखवली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा भरली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या, अंगावर गुलाबी नऊवारी, खांद्यावर दप्तर, हातात पाटी. शाळेची वेळ दुपारची, घरची कामे आवरल्यावरची. जगभरच्या बातमीदारांना त्यातला गुलाबी रंग आवडला. त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्यांना उभ्या आयुष्यात कुणी दुपारी ‘तू ये, तुझी जागा राखून ठेवलीय’ म्हटले नव्हते, त्यांची रोज कुणीतरी वाट पाहू लागले. आज आजी का आली नाही, याची चौकशी होऊ लागली. एकटेपणावरचे हे औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मावळाला असले काही शून्यातून उभे करायचे नाही. देहू शेजारी आहे, भंडारा डोंगर समोर दिसतो, सुदुंबऱ्याला संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आहे. गावोगावी हरिपाठ आहे, काकडा आहे. टाळ धरणाऱ्या हाताला कंप असला तरी ताल सापडतो, आणि नातवाचे नाव विसरलेल्या आजीला लहानपणी पाठ केलेला अभंग पुरा म्हणता येतो, कारण सूर आणि पाठांतर स्मृतीच्या खोल थरात बसलेले असते. फक्त ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी महिन्यातून एकदा भजन त्याच्या अंगणात न्यावे. खाटेला खिळलेल्या माणसाच्या घरी मंडळ गेले की त्या घरची सूनही त्या दिवशी पाहुण्यांची यजमानीण होते, नुसती सेवेकरी राहत नाही.

म्हातारी माणसे फक्त घेणारी नसतात, हेही विसरू नये. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर आज्यांना बसवले. त्यांना ऐकायचे कसे, अडचणीतून वाट कशी काढू द्यायची ते शिकवले. उदास, गांजलेली माणसे त्यांच्याजवळ येऊन बसू लागली. २०१६ मध्ये हरारेतल्या २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाकावर आजीशी बोललेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होती. आपल्याकडे पार आहे, देवळाचा ओटा आहे, पण तिथे बसतात पुरुष. आज्यांसाठी एक बाक अंगणवाडीजवळ टाकायला फार पैसे लागत नाहीत.

काही उपाय तर इतके छोटे आहेत की ते मनाचे उपाय आहेत हेच लक्षात येत नाही. कानाचे यंत्र हा त्यातला पहिला. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सगळी दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत बहिरेपण आहे, न सुधारलेली अधू नजर आहे, एकटे पडणेही आहे. ज्याला ऐकू येत नाही तो बोलण्यातून बाहेर पडतो. मग लोक त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलू लागतात, आणि तो संशयी होतो. राज्याच्या वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, यंत्र यांना त्यांचा आधार होतो. दुसरी एसटी. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. लेकीच्या गावी जाण्यासाठी मुलापुढे हात पसरावा न लागणे, यात माणसाची जी पत राहते ती कुठल्याही गोळीने येत नाही.

आजाराचे ओझे वाटून घेणारी माणसे एकत्र आली की काय होते, ते पुण्यात पाहावे. तिथले ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ कंपवाताचे रुग्ण आणि त्यांचे घरचे यांना दोन दशकांहून अधिक काळ एकत्र आणत आहे. रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर ही ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींकडून आलेली नावे तिथे रुळली आहेत. सभेत व्याख्यान असते, व्यायाम असतो, सहली असतात. पण खरी देवघेव चहाच्या वेळी होते. कुणाचे पाऊल दारात अडकते, तर दुसरा सांगतो, जमिनीवर पट्टी चिकटवा, ती ओलांडायची म्हटले की पाय उचलतो. असे ज्ञान त्याच वाटेने चाललेल्या माणसाकडूनच मिळते. नृत्यकार हृषिकेश पवार पुण्यात अशा रुग्णांना नाच शिकवतात. चालताना थिजणारे पाय तालावर चालू लागतात, आणि शेजारी नाचणारी बायको तास-दीड तास नर्स नसते.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. इथे जमिनींना भाव आला, मोबदले आले, आणि म्हाताऱ्याच्या सहीला किंमत आली. सही झाल्यावर आपली घरातली जागा राहील का, ही धास्ती कित्येकांच्या मनात असते. झोप उडते ती कधीकधी तिच्याचमुळे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रांत अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर परत मिळण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना तिला ताबाही परत देवविला. बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर स्पष्ट लिहावी. त्याने मुलांवर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही. उलट बापाच्या मनातली धास्ती गेली की घरातले बोलणे मोकळे होते. कोर्टकचेरीपर्यंत न जाता नुसते बोलायचे असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आहे, आणि तो सांभाळणाऱ्यांनीही फिरवायचा असतो.

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन येतो. शाल, श्रीफळ, फोटो होतात. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा असते. यंदा शालींचा खर्च बाजूला ठेवून हा विषय सभेत आणावा. गावात खाटेला खिळलेली, विसरणारी, एकटी राहणारी किती माणसे आहेत आणि त्यांचे कोण करते, याची यादी दोन्ही नावांनिशी व्हावी. आजवर अशा याद्यांत फक्त म्हाताऱ्याचेच नाव असते. ग्रामपंचायतीला स्वनिधीतला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा लागतो. घरोघर जाणाऱ्या एक-दोन मुलींचे प्रशिक्षण आणि मानधन त्यात कसे बसवता येईल, ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाहावे. तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे शिकवायला माणसे मागावीत. पहिल्या महिन्यात चारच घरे झाली तरी चालतील. मात्र पाळी लावण्याआधी त्या चार घरांतल्या बायकांना विचारावे, त्यांना कोणत्या वारी आणि किती वाजता मोकळे व्हायचे आहे.